३० किमीच्या रनला २४ वर थांबलात म्हणून मुंबई मॅरेथॉन सोडू नका, ४:३० चं टार्गेट सोडा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४३, वजन ७४, बैठी नोकरी, कोथरूडला राहता, जुलैपासून जानेवारीतल्या मुंबईच्या फुल मॅरेथॉनची (४२ किमी) तयारी चालू आहे, पहिलीच फुल, टार्गेट ४:३०, म्हणजे साडेचार तास. ऑगस्टमध्ये सपाट रस्त्यावर हाफ (२१ किमी) २:१२ मध्ये, म्हणजे २ तास १२ मिनिटांत झाली, सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ पण छान झाली. मग दिवाळीनंतर व्हायरल, नऊ दिवस ताप आणि अशक्तपणा, आणि उठल्यावर सहाव्याच दिवशी "फार मागे पडलो" म्हणून थेट ३० किमीचा लाँग रन काढला. चांदणी चौकाच्या उतारावर उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुरी खुपसल्यासारखं झालं, २४ वर थांबलात, रिक्षाने घरी आलात आणि तेव्हापासून जिना उतरताना दुखतंय. आठ आठवडे उरलेत. बायको म्हणते सोडून द्या, ग्रुपमधले म्हणतात पेनकिलर घे आणि पळ, आणि तुम्ही विचारताय की नेमकं करू काय.

मुंबई सोडू नका, निदान आज तरी नाही. पण ४:३० आजच सोडा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बुडालेलं भरून काढायचं हे डोक्यातून काढून टाका, कारण तुमचा गुडघा तापाने नाही गेला, भरून काढण्याने गेला.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, वय ५२, २००९ पासून पळतेय, ११ फुल झाल्यात आणि त्यातल्या सहा मुंबईच्या. गेली बारा वर्षं सकाळी रेसकोर्सवर एका छोट्या ग्रुपला पळायला शिकवते, आणि होतं असं की सकाळी ज्यांना पळताना बघते त्यातलेच काही जण संध्याकाळी क्लिनिकच्या टेबलवर असतात, त्यामुळे दुखणं कुठून सुरू झालं ते मला बहुतेक वेळा पेशंटच्या आधी दिसलेलं असतं. तुमचंही तुम्ही दिलेल्या आकड्यांतच दिसतंय.

तुम्ही लिहिलंय की रोजचे रन ६:२० च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २० सेकंदांनी होतात आणि "आरामात" होतात. आता तुमच्या हाफची पेस काढा. २:१२ म्हणजे किलोमीटरला साधारण ६:१५. म्हणजे हाफच्या दिवशी जीव तोडून जी पेस काढलीत तिच्या पाच सेकंद मागे तुम्ही जुलैपासून आठवड्यातून चार वेळा पळताय. हे आराम नाही, ही आठवड्यातून चारदा रेस आहे. तुमचे सोपे रन ७:१५ ते ७:४५ ला व्हायला हवेत, आणि लाँग रन तर त्यातल्या हळूच्या बाजूला. घड्याळ नसेल तरी चालेल, शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, नुसतं हो-नाही चालणार नाही, काल ऑफिसात काय झालं ते सगळं सांगता आलं पाहिजे. मला माहितीय हे किती अवघड आहे, मागून शाळेतली मुलं पुढे निघून जातात, अ‍ॅपवर सगळ्यांना आपली पेस दिसते, आणि ७:३० टाकायची लाज वाटते. माझ्या ग्रुपमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिले दोन महिने घड्याळ घरी ठेवायला लावते ते याच्यासाठीच.

कारण असं आहे की शरीरातलं सगळं एका वेगाने तयार होत नाही. हृदय आणि रक्ताभिसरण दोन-अडीच महिन्यांत बरंच सुधारतं, दम लागेनासा होतो, आणि माणसाला वाटतं आपण झालो तयार. स्नायू त्यांच्या मागून येतात. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं मात्र फार हळू चालतात, त्यांना कित्येक महिने लागतात, आणि ती तयार नाहीत हे सांगायला त्यांच्याकडे दुखण्याशिवाय दुसरी भाषा नाही. म्हणून पहिल्या वर्षातले रनर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुखावतात, म्हणजे बरोबर तेव्हा, जेव्हा सगळं सगळ्यात भारी चाललेलं असतं. तुमचा सप्टेंबर तसाच होता.

दुसरा आकडा. आठवड्यात ६, ६, ६ आणि रविवारी ३०, मिळून ४८, आणि त्यातले साठ टक्क्यांहून जास्त एकाच सकाळी. असं नको. लाँग रन आठवड्याच्या एकूण पळण्याच्या निम्म्यापेक्षा बराच कमी असावा, तिसरा हिस्सा असेल तर उत्तम. नोकरी करणाऱ्या माणसाला तेवढं जमत नाही हे मान्य, पण मधल्या वारी एक १०-१२ चा रन असला तरी फार फरक पडतो, रविवारच्या धक्क्याची पायांना आधीच थोडी ओळख झालेली असते.

आणि ताप. हे जरा गंभीरपणे वाचा. व्हायरलनंतर सहाव्या दिवशी ३० किमी हा गुडघ्यासाठी धोका होताच पण हृदयासाठी त्याहून मोठा होता. व्हायरलमध्ये कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, तिला मायोकार्डायटिस म्हणतात, ती कळतेच असं नाही, आणि त्या अवस्थेत मोठा श्रम केला तर जिवावर बेतू शकतं. ताप अंगात असताना पळायचं नाही, आणि उतरल्यावर आधी काही दिवस चालणं, मग हळूहळू पळणं. मी ग्रुपमधल्यांना एक सवय लावते, सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजायची. नेहमी ६० ला असते आणि आज ७० च्या पुढे आहे तर शरीर अजून आतल्या आत कशाशी तरी झगडतंय, त्या दिवशी रन नाही. तुम्ही ४३ चे आहात, पहिल्या फुलला उतरताय आणि नुकताच मोठा ताप येऊन गेलाय, त्यामुळे पळणं सुरू करायच्या आधी फिजिशियनकडे जा, ईसीजी आणि त्यांना वाटलं तर स्ट्रेस टेस्ट. त्याच वेळी रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि डी बघून घ्या. शाकाहारी असाल तर नक्कीच. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि फेरिटिन तळाला गेलेलं असतं, आणि माणूस सहा महिने स्वतःला आळशी समजत बसतो, असे किती तरी जण बघितलेत. छातीत दुखणं, धडधड, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप, यातलं काहीही असेल तर या पुढचं काही वाचू नका, आधी डॉक्टर.

आता गुडघा. बघितल्याशिवाय शंभर टक्के सांगता येत नाही, पण तुमचं वर्णन आयटी बँडचं आहे, म्हणजे कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा जो जाड पट्टा असतो त्याचं. घरी हे करून बघा. खुर्चीत बसा, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो तिथे अंगठा दाबून ठेवा, गुडघा काटकोनात आहे तिथून हळूहळू पाय सरळ करत न्या. पाय पूर्ण सरळ व्हायच्या थोडं आधी, साधारण ३० अंशाला, अंगठ्याखाली तीच सुरी लागली तर बहुतेक तेच आहे. पळताना पाय जमिनीवर टेकतो तेव्हा गुडघा जवळपास त्याच कोनात असतो. उतारावर जास्त दुखतं, सपाटीला कमी, चालताना अगदी कमी, आणि दर रनला साधारण त्याच किलोमीटरला सुरू होतं. सूज आली असेल, गुडघा अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल तर मात्र ते वेगळं, मग ऑर्थोपेडिककडे जा, अंगठ्याने ठरवू नका.

साताऱ्याची हाफ झाली की पुढचे दोन आठवडे माझ्याकडे हेच गुडघे येतात. यवतेश्वरचा घाट चढताना सगळे जपून असतात, आणि माघारी फिरल्यावर सातारा खाली दिसायला लागलं की सुटतात, लांब ढांगा टाकत, टाच आपटत, आणि पाच-सात मिनिटं कमावल्याच्या आनंदात खाली येतात. तुम्हीही लिहिलंय की "उतरताना मस्त वेग मिळाला". तो वेग गुडघ्याने लक्षात ठेवला. तापाने कमरेचे स्नायू ढिले पडले, त्यात ३० ची ओढ आणि चांदणी चौकाचा उतार, मग त्याने हिशोब मांडला.

बरी बातमी ही की यातून लोक बाहेर येतात आणि बऱ्याचदा काही आठवड्यांत येतात, पण नुसत्या विश्रांतीने नाही. विश्रांतीने दुखणं जातं आणि पहिल्या लाँग रनला परत येतं, कारण खरा दोष बऱ्याचदा कमरेच्या बाजूच्या स्नायूंच्या कमजोरीत असतो. एका पायावर उभं राहिलं की दुसरीकडची कंबर खाली झुकते का ते आरशात बघा, तुमची झुकणार, बैठ्या नोकरीवाल्यांची झुकतेच. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून थोडा मागच्या बाजूला उचलायचा, १५ चे तीन सेट. पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून दुसऱ्या बाजूची कंबर खाली सोडायची आणि वर घ्यायची. पाठीवर झोपून एका पायाचा ब्रिज, म्हणजे एका पायाच्या जोरावर कंबर वर उचलायची. दिवसाआड, दोन्ही बाजूंनी, २० मिनिटं. कंटाळवाणं आहे, तरी करा. फोम रोलरने बरं वाटतं ते तेवढ्यापुरतं, हरकत काही नाही पण त्याला उपचार समजू नका. पळायला लागाल तेव्हा ढांग थोडी छोटी ठेवा आणि पावलं वाढवा, आत्ता मिनिटाला १६० पडत असतील तर १६८-१७०, गुडघ्यावरचा भार त्याने खरोखर कमी होतो. बूट किती पळालेत तेही बघा, ५०० ते ८०० किमीच्या दरम्यान बहुतेक बूट मऊपणा सोडतात, वरून कितीही नवे दिसोत.

पेनकिलर घेऊन पळ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. दुखणं दाबलं की दुखापत किती वाढतेय ते कळायचा एकमेव रस्ता बंद होतो. आणि लांब पळताना शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, किडनीला रक्त आधीच कमी पोचतं, त्यात आयब्युप्रोफेनसारखी गोळी म्हणजे किडनीशी खेळ. रेसच्या दिवशी तर नाहीच नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. २०१६ मध्ये माझ्या डाव्या नडगीत दुखायला लागलं, मी स्वतः फिजिओ, रोज दहा जणांच्या नडग्या तपासते, आणि स्वतःला सांगत राहिले की शिन स्प्लिंट आहे, होईल बरं. दुसऱ्याची नडगी असती तर एका मिनिटात ओळखलं असतं. शिन स्प्लिंटचं दुखणं नडगीच्या लांबीभर पसरलेलं असतं, आणि हाडाला तडा असेल तर एका बोटाने दाखवता येईल एवढ्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत असतं, रात्री झोपेतही ठणकतं. माझं रात्री ठणकत होतं. मी तीन आठवडे तशीच पळाले कारण प्लॅनमधला एक रन बुडाला होता आणि तो मला भरून काढायचा होता. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं आणि अकरा आठवडे पळणं बंद. एक रन वाचवायला गेले आणि ती पूर्ण सीझन गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुमच्या मेसेजमधलं "मागे पडलो म्हणून" वाचलं आणि हे एवढं सगळं लिहायला बसले.

दोन आठवडे बुडाले तर खरंच किती जातं? फार कमी. पहिले काही दिवस तर काहीच नाही, दोन आठवड्यांनी दमसास थोडा उतरतो आणि परत पळायला लागलं की तो लवकर येतो, कारण चार महिन्यांचं काम शरीर असं पंधरा दिवसांत पुसून टाकत नाही. बुडालेले रन बुडालेच, कॅलेंडरवर त्यांच्यावर रेघ मारा आणि आज जिथे आहात तिथून पुढे मोजा.

पुढचे आठ आठवडे मी तुमच्या जागी असते तर असे काढले असते. पहिला आठवडा पळणं शून्य, डॉक्टर, तपासण्या, वर लिहिलेले व्यायाम, आणि सपाट रस्त्यावर दुखणार नाही एवढं चालणं किंवा पोहणं. दुसऱ्या आठवड्यात तीन वेळा चार-पाच किमी, चार मिनिटं पळणं एक मिनिट चालणं असं, आणि रविवारी याच पद्धतीने १०. रेसकोर्स किंवा बालेवाडीचा ट्रॅक, सपाट जागा कुठलीही, पण चांदणी चौक, वेताळ टेकडी, एनडीए रोड सध्या विसरा. ट्रॅकवर असाल तर मधूनमधून दिशा बदला, एकाच बाजूला वळत राहिलं की एकाच गुडघ्यावर येतं. तिसऱ्या आठवड्यात मधल्या वारी ६, ८, ६ आणि रविवारी १६. चौथ्यात मधला एक रन १० करा आणि रविवारी २१. पाचव्यात मधला १२ आणि रविवारी तुमचा सगळ्यात मोठा रन, २६ ते २८, पण साडेतीन तास झाले की जिथे असाल तिथे थांबायचं, मग २५ झालेले असोत. त्या वेळी रेसला तीन आठवडे राहिलेले असतील. मग सहाव्यात १८, सातव्यात १२, आणि शेवटच्या आठवड्यात दोन-तीन वेळा चार-पाच किमी नुसते पाय मोकळे करायला. ३० कधी करायचा असं विचाराल, तर या वेळी नाही करायचा. २७ नीट झाले तर ४२ होतात, आणि ३२ ओढूनताणून केले तर रेसला पाय थकलेले जातात.

यातला कुठलाही रन दुखलं म्हणून सोडावा लागला तर पुढच्या आठवड्यात तोच परत करायचा, पुढच्यावर उडी नाही. दुखणं किती चालेल याचं माझं माप सोपं आहे: दहापैकी दोनपर्यंत असेल, पळताना वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर जास्त जाणवत नसेल तर चालू ठेवा. चाल लंगडी झाली की तिथेच थांबायचं, घर पाचशे मीटरवर असलं तरी.

शेवटच्या दोन आठवड्यांची म्हणजे टेपरची, पळणं कमी करत आणायच्या दिवसांची, एक गंमत सांगून ठेवते, त्यात अंगभर खोटी दुखणी निघतात, पोटरी दुखते, घसा खवखवतो, वाटतं सगळं विसरलो, आणि माणूस घाबरून एक २० किमी मारून येतो. माझ्या ग्रुपमधली माणसं या दिवसांत रात्री अकराला फोन करतात. मी एकच सांगते, आता तब्येत नवी काही कमवत नाही, कमावलेलं मुरतंय, ढवळू नका.

आता खाणं, कारण २४ ला तुम्ही फक्त गुडघ्यामुळे थांबला नाहीत. तुम्ही लिहिलंय की सकाळी फक्त काळी कॉफी घेतली होती, सोबत अर्धा लिटर पाणी, आणि २० नंतर "डोकं बधिर झालं, रडू आलं". ते रडू मनाच्या कमकुवतपणाचं नव्हतं, साखर संपल्याचं होतं. हिशोब बघा, किलोला किलोमीटरमागे साधारण एक कॅलरी धरली तर ७४ किलोच्या माणसाला ४२ किमीला तीन हजारांच्या वर लागतात. स्नायू आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो दोन हजारांच्या आसपास. चरबी भरपूर असते पण ती हळू जळते, वेगाने पळताना पुरी पडत नाही, आणि जितकं जोरात पळाल तितकी साखर आधी संपते. म्हणूनच ३० ते ३५ च्या मध्ये लोक भिंतीवर आपटल्यासारखे थांबतात. तुम्ही उपाशीपोटी, तापातून उठून, हाफच्या पेसने पळत होतात, तुमची भिंत २० वर आली यात नवल नाही.

उपाय दोन, हळू पळणं आणि पळताना खाणं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत, एका जेलमध्ये साधारण २० ते २५ असतात, म्हणजे दर ३५-४० मिनिटांनी एक, आणि भूक लागायची वाट न बघता पहिल्या ४० मिनिटांपासून. जेल आवडत नसेल तर खजूर, पिकलेलं केळं, मीठ लावलेले उकडलेले बटाट्याचे तुकडे, सगळं चालतं. चिक्की मात्र तोंड कोरडं पडलं की घशाखाली उतरत नाही, हे अनुभवाने सांगते. काहीही घ्या पण १६, २१ आणि २६ किमीच्या तिन्ही रविवारी तेच घेऊन बघा, पोटालाही सराव लागतो. पहाटे निघायच्या दीड-दोन तास आधी थोडे पोहे किंवा ब्रेड-मध, जे तुमच्या पोटाला मानवतं ते. पाणी तहानेप्रमाणे प्या. भीतीपोटी प्रत्येक स्टेशनला दोन-दोन ग्लास साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, उलटी, गोंधळल्यासारखं होणं, आणि वेळीच नाही कळलं तर फार वाईट. त्यामुळे मध्ये मध्ये इलेक्ट्राल किंवा मीठ-साखर-लिंबाचं पाणी.

हे पुण्यातल्यांना जास्त जपून सांगावं लागतं. आपण डिसेंबरात १०-१२ डिग्रीत कोरड्या हवेत पळतो, घाम आला तरी वाळून जातो, पेस मस्त येते. मुंबईत जानेवारीत पहाटेच १८-२० असतं आणि हवा ओली, दहा वाजेपर्यंत पारा २७-२८ च्या आसपास. घाम वाळतच नाही म्हणून अंग थंड होत नाही, नाडी त्याच पेसला दहा-पंधरा ठोके वर चालते.

मी २०१३ ला मुंबईला पहिली फुल पळाले. पुण्याच्या पेसने सुटले, सी लिंकवर असताना उजाडलं, दोन्ही बाजूला पाणी, मला वाटलं मी अशीच दिवसभर पळू शकते. अर्धं अंतर २:१४. माहीमनंतर टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ दिसायला लागली आणि मला तिचा अर्थ कळला नाही. परत येताना पेडर रोडचा चढ ३५ च्या पुढे लागतो, जाताना अंधारात तो चढ आहे हेही जाणवलं नव्हतं. चढाच्या मध्यावर दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले, इतके की कातडीखाली ते हलताना दिसत होते. मी दुभाजकाला धरून उभी राहिले. तिथल्या एका सोसायटीच्या बाहेर टेबल लावून घरची माणसं उभी होती, त्यातल्या एक आजी उठून आल्या, सोललेल्या संत्र्याच्या फोडीवर मीठ भुरभुरून माझ्या तोंडातच घातली, दुसऱ्या हातावर संक्रांतीची तिळाची वडी ठेवली आणि म्हणाल्या, "चाल गं, थांबू नकोस, चालत जा." मी चालत गेले. मरीन ड्राइव्हवर उन्हाचा तडाखा होता, तीनशे पावलं पळायचं आणि शंभर चालायचं असं मोजत आझाद मैदानाजवळ पोचले, ५:४१. दुसरा अर्धा साडेतीन तासांचा झाला.

त्यानंतर मी मुंबई कधीच पुण्याच्या पेसने पळाले नाही. तुम्हीही नका पळू. ४:३० साठी ६:२४ ची पेस लागते, ती तुमच्या हाफच्या पेसच्या इतकी जवळ आहे की तापाशिवायसुद्धा ती जमली नसती, हाफच्या दुपटीत किमान २०-३० मिनिटं मिळवायची असा ढोबळ हिशोब असतो, म्हणजे सगळं छान गेलं असतं तरी पावणेपाच तास. आता ताप, गुडघा आणि मुंबईची हवा धरून ५:१५ ते ५:३० चा विचार करा, म्हणजे पेस ७:३० ते ७:५० च्या आसपास. आणि पहिल्या किलोमीटरपासून पळणं-चालणं ठेवा, नऊ मिनिटं पळून एक मिनिट चाला. दमल्यावर चालणं वेगळं आणि दमायच्या आधी चालणं वेगळं. जेफ गॅलोवे, जे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळाले होते, त्यांनीच हौशी रनरसाठी ही पद्धत रुजवली, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. माझ्या ग्रुपमधले एक काका, वय ६१, गेली चार वर्षं असंच करतात आणि पेडर रोडवर दर वर्षी ४० च्या आतल्या किती तरी जणांना मागे टाकतात.

निर्णय कधी घ्यायचा? पाचव्या आठवड्याच्या रविवारी संध्याकाळी. २६ (किंवा साडेतीन तासांत होतील तेवढे) न लंगडता झाले आणि सोमवारी जिना नीट उतरता आला तर स्टार्टला उभं राहायचं. नाही झाले तर नाही, फी गेली तर गेली, गुडघा पुढची वीस वर्षं पळायला लागणार आहे. आणि उभे राहिलात तरी मध्ये चाल लंगडी झाली तर बाजूला व्हायचं. पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये किपचोगेसारखा माणूस पाठ-कंबर दुखायला लागल्यावर ३० किमीनंतर थांबला, दोन ऑलिंपिक सुवर्णं गाठीला असलेला माणूस, आणि त्याच्या मोठेपणात त्याने तसूभर फरक पडला नाही.

वहिनींबद्दल एक. त्या मॅरेथॉनला नाही म्हणत नाहीयेत असं मला वाटतं. त्यांनी पाच महिन्यांत रविवार बघितलेच नाहीत, तुम्ही पहाटे चारला उठता, दहाला येता, दुपारभर सोफ्यावर झोपता, संध्याकाळी चिडचिड करता, आणि वर तापातून उठून रिक्षाने लंगडत घरी आलात, घाबरल्या असतील. हा आठ आठवड्यांचा कागद त्यांच्यासमोर ठेवा, थांबायचे नियम त्यांना वाचून दाखवा, आणि पाचव्या रविवारचा निर्णय दोघं मिळून घ्या. जमलं तर २१ आणि २६ किमीच्या रनच्या दिवशी त्यांना स्कूटरवर पाणी आणि केळी घेऊन एखाद्या चौकात उभं राहायला सांगा. आमच्या घरी हे माझे मिस्टर करतात.

उद्या सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजा आणि अंगठ्याची ती चाचणी दोन्ही गुडघ्यांवर करून बघा. दोन्ही आकडे, डॉक्टर काय म्हणाले ते, आणि फेरिटिनचा रिपोर्ट आला की तो इथेच खाली लिहा, मग दुसऱ्या आठवड्यात नेमकं किती पळायचं ते ठरवू.